जुन्या गाडीला पर्यावरण कर, इलेक्ट्रिकला माफी : वाहन कराचा पूर्ण हिशेब, नांदेड-लातूरच्या गाडीवाल्यांसाठी

गावाकडं गाडी घेताना तीनच गोष्टी विचारल्या जातात. किंमत किती, ॲव्हरेज किती आणि हप्ता किती. टॅक्स कुणी विचारत नाही, कारण शोरूमवाला तो 'ऑन रोड' किमतीत मिळवून टाकतो. आठवण येते ती थेट पंधरा वर्षांनी, गाडीची मुदत संपल्यावर. तेव्हा आरटीओत गेलं की कळतं, पुनर्नोंदणीच्या फीसोबत 'पर्यावरण कर' नावाची वेगळी रक्कम भरायची आहे. हा कर कशाचा, कुणी लावला, ट्रॅक्टरला लागतो का, इलेक्ट्रिक गाडीला खरंच टॅक्स नाही का, हे प्रश्न वाचक सारखे विचारतात. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. कात्रण ठेवण्यासारखी आहे, मोबाईलवर वाचत असाल तर जपून ठेवा.

आधी मूळ कर समजून घ्या

राज्यात गाड्यांवर जो कर लागतो तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने. आपण त्याला रोड टॅक्स म्हणतो. घरगुती वापराच्या मोटारसायकल आणि कारला हा कर एकदाच, गाडी नोंदवताना भरायचा असतो. तो किमतीवर टक्क्यांनी लागतो, आणि टक्का ठरतो इंधनावर. महाराष्ट्रात धुराचा विचार कराच्या तक्त्यात इथूनच सुरू होतो.

स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्याच्या वर १३ टक्के. डिझेल कारला त्याच टप्प्यांना १३, १४ आणि १५ टक्के. सीएनजी-एलपीजीला पूर्वी ७, ८, ९ टक्के होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो एक टक्क्याने वाढवला, म्हणजे ८, ९, १०. मोटारसायकलला इंजिनाच्या सीसीप्रमाणे १० ते १२ टक्के.

समजा ८ लाखांची कार आहे. पेट्रोलला ८८ हजार, डिझेलला १ लाख ४ हजार, सीएनजीला ६४ हजार आणि बॅटरीवरच्या गाडीला शून्य. एकाच किमतीच्या गाडीत एक लाखाचा फरक पडतो. सरकारने सरळ सांगितलं नसलं तरी इशारा स्पष्ट आहे. डिझेलकडं जाऊ नका, जमलं तर विजेवर या.

छोटा हत्ती, पिकअप अशा मालवाहू गाड्यांसाठीही त्याच अर्थसंकल्पात बदल झाला. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना आता किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे. ५ लाखांच्या गाडीला ३५ हजार. पूर्वी दरवर्षी थोडं थोडं भरता यायचं. भाजीपाला बाजार समितीत नेणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी ही रक्कम उभी करावी लागते, हे मंत्रालयात बसून कळत नसावं. पण एकदा भरलं की दरवर्षीची ये-जा आणि एजंटची कटकट मिटते, हेही खरं.

पर्यावरण कर म्हणजे काय

हा कर राज्याने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आणला. देशभर 'ग्रीन टॅक्स' या नावाने आता जी चर्चा होते ती बरीच नंतरची, आपल्याकडं तो त्याच्या दहा वर्षं आधीपासून आहे. नियम साधा आहे. घरगुती वापराची गाडी १५ वर्षांची झाली की, आणि भाड्याने चालणारी म्हणजे ट्रान्सपोर्ट पासिंगची गाडी ८ वर्षांची झाली की हा कर सुरू होतो.

तेव्हा ठरलेले मूळ दर असे : दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० रुपये, पेट्रोल कारला ३,००० आणि डिझेल कारला ३,५००. ऑटोरिक्षाला पाच वर्षांचे ७५०, हलक्या मालवाहू गाडीला २,५००, आणि मोठ्या ट्रकला त्याच्या वार्षिक कराच्या १० टक्के. पैसे भरायच्या दिवशी परिवहन खात्याच्या 'वाहन' पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून जी रक्कम दिसेल तीच अंतिम समजा. ऐकीव आकड्यावर एजंटला पैसे देऊ नका.

भाड्याच्या गाडीला आठच वर्षं का, असा प्रश्न काळी-पिवळीवाले आणि ट्रकवाले नेहमी विचारतात. त्याचं उत्तर पळण्यात आहे. घरची कार वर्षाला दहा हजार किलोमीटर पळते, ट्रक तेवढं महिना-दीड महिन्यात पळतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ मध्ये सांगितलेला अंदाज असा की, एकूण वाहनांत व्यापारी वाहनं ५ टक्केच असली तरी वाहनांच्या प्रदूषणात त्यांचा वाटा ६५ ते ७० टक्के आहे. आणि २००० सालाआधी बनलेल्या गाड्या एक टक्क्याहून कमी असून वाटा साधारण १५ टक्के.

याच २०२१ च्या जानेवारीत मंत्री नितीन गडकरी यांनी देशभरासाठी ग्रीन टॅक्सच्या आराखड्याला मंजुरी दिली आणि तो राज्यांकडं पाठवला. त्यात आठ वर्षांवरच्या व्यापारी गाड्यांना फिटनेसच्या वेळी रोड टॅक्सच्या १० ते २५ टक्के, खूप प्रदूषित शहरांत ५० टक्क्यांपर्यंत, एसटी-बससारख्या सार्वजनिक वाहनांना कमी, असं सुचवलं होतं. इलेक्ट्रिक, हायब्रिड, सीएनजी, इथेनॉल, एलपीजीच्या गाड्या वगळाव्यात आणि शेतीचे ट्रॅक्टर, हार्वेस्टर, टिलरही वगळावेत, असंही त्यात आहे. जमा झालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून प्रदूषण कमी करायला वापरावा, ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर पर्यावरणाच्या नावाने गोळा करायचा आणि खर्च कुठं झाला ते गावाला दिसायचं नाही, मग लोक त्याला दंडच म्हणणार.

धूर वेगळा, कार्बन वेगळा

आता मुद्द्याची गोष्ट. आपण सगळं 'प्रदूषण' या एका शब्दात टाकतो. पण गाडीच्या सायलेन्सरमधून दोन प्रकारचा त्रास बाहेर पडतो.

एक डोळ्यांना, नाकाला जाणवणारा. काळा धूर, बारीक कण, नायट्रोजनचे वायू, कार्बन मोनॉक्साइड. दम्याचा, खोकल्याचा त्रास यानेच. पीयूसी काढताना मशीन हेच बघतं. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेल गाडीच्या धुराची घनता. गाडी जुनी झाली, इंजिन घासलं की हे वाढतं. म्हणून वयावर लावलेला कर इथं बऱ्यापैकी लागू पडतो.

दुसरा त्रास दिसत नाही, वास येत नाही. तो कार्बन डायऑक्साइड. हवामान तापवणारा वायू तो हाच. त्याचा गाडीच्या वयाशी फारसा संबंध नाही. तो थेट जळालेल्या इंधनावर मोजतात. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, एक लिटर डिझेलचा साधारण २.७ किलो. गाडी नवी असो की जुनी, लिटर तेवढाच. नवी गाडी कमी इंधन खात असेल तरच कार्बन कमी.

हा फरक कळला की आपल्या कराचा हिशेब मांडून बघता येतो. मी कागदावर मांडला, तुम्हीही मांडा.

गावातली सोळा-सतरा वर्षांची शंभर सीसीची मोटारसायकल घ्या. लिटरला ५५ देते. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४२ ग्रॅम कार्बन. शेतात, तालुक्याला मिळून रोज १५ किलोमीटर धरले तर वर्षाला शंभर लिटर पेट्रोल, म्हणजे २३० किलो कार्बन.

आता तेवढ्याच वयाची मोठी डिझेल जीपगाडी घ्या. लिटरला १२ देते. किलोमीटरला २२५ ग्रॅम. वर्षाला १५ हजार किलोमीटर पळाली तर १,२५० लिटर डिझेल आणि ३,३७५ किलो कार्बन.

मूळ दराने पर्यावरण कर : मोटारसायकलला वर्षाकाठी ४०० रुपये, डिझेल गाडीला वर्षाकाठी ७००. कार्बनच्या टनावर भागलं तर मोटारसायकलवाला टनाला साधारण १,७४० रुपये भरतो आणि जीपवाला टनाला २०७ रुपये. म्हणजे कमी कार्बन सोडणारा माणूस टनामागे आठपट भरतो. हे काय चाललंय, असं कुणालाही वाटेल.

कुणी म्हणेल, जीपवाल्याने नवी घेताना लाखांत कर भरलाय. बरोबर आहे. २५ लाखांची डिझेल गाडी आज घेतली तर १५ टक्क्यांनी पावणेचार लाख कर जातो. पण तो किमतीवर आहे, कार्बनवर नाही. आणि एकदा भरला की नंतर गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर पळवा की पन्नास हजार, त्या करात एक रुपयाचा फरक पडत नाही.

वापरावर पडणारा कर एकच, इंधनावरचा. राज्याचा व्हॅट मुंबई परिसर सोडून उरलेल्या महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के, असा राहिला आहे. त्याच्यावर केंद्राची एक्साइज वेगळी. त्याला कुणी कार्बन कर म्हणत नाही, पण काम तोच करतो. जो जास्त जाळतो तो जास्त भरतो. आपल्याकडं तो जास्त बोचतो, कारण परभणी-नांदेडकडं टँकरला लांबून यावं लागत असल्याने पेट्रोलचा भाव राज्यात वरच्याच अंगाला असतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणीकडची माणसं तर पलीकडच्या राज्यातला आजचा भाव काय आहे ते तोंडपाठ ठेवतात, आणि कर्नाटकात डिझेल स्वस्त असलं की टाकी तिकडंच फुल होते. सीमेवरच्या तालुक्यात कर वाढवून इंधन कमी जळत नाही, फक्त पंप बदलतो.

बाहेरच्या देशांनी काय केलं

ब्रिटनने मार्च २००१ पासून नव्या कारचा वार्षिक कर किलोमीटरला किती ग्रॅम कार्बन यावर ठेवला. फ्रान्सने २००८ मध्ये कमी कार्बनच्या गाडीला बक्षीस आणि जास्त कार्बनच्या गाडीला दंड अशी पद्धत आणली. त्याच वर्षी आयर्लंडनेही कर कार्बनवर नेला, आणि तिथं उलटच गंमत झाली. डिझेल गाडी ॲव्हरेज चांगली देते म्हणून कार्बन कमी दिसतो, लोक धडाधड डिझेल गाड्या घेऊ लागले आणि शहरात धुराचा त्रास वाढला. म्हणजे फक्त कार्बन बघितला तर धूर वाढतो आणि फक्त धूर बघितला तर कार्बन सुटतो. नॉर्वेने इलेक्ट्रिक गाड्यांचे खरेदीवरचे मोठे कर वर्षानुवर्षं माफ ठेवले. २०२४ मध्ये तिथं विकलेल्या दर दहा नव्या कारमधल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. अर्थात नॉर्वेची वीज पाण्यावर होते, आपली परळीच्या चिमणीखाली होते, हे विसरून तुलना करू नये.

भारतात ग्रॅमचा नियम कंपन्यांना आहे, गिऱ्हाइकाला नाही. एप्रिल २०२२ पासून कार कंपनीने विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला ११३ ग्रॅमच्या आसपास राहावी, असा दुसरा टप्पा लागू झाला. दुकानात गाडी बघताना तो आकडा कुणी दाखवत नाही. जीएसटीमध्ये मात्र फरक दिसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कार आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के, मोठ्या कारना ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. ट्रॅक्टरही १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

इलेक्ट्रिक गाडीची माफी किती खरी

राज्याचं इलेक्ट्रिक वाहन धोरण पहिल्यांदा २०१८ मध्ये आलं, मग २०२१ मध्ये, आणि एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने नवं धोरण मंजूर केलं. ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर आणि नोंदणी फी माफ आहे. दुचाकी, तीनचाकी, घरगुती कार आणि बस यांना किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत, तर माल वाहणाऱ्या गाड्या आणि शेतीच्या इलेक्ट्रिक ट्रॅक्टरला १५ टक्क्यांपर्यंत अनुदान सांगितलं आहे. त्याला कमाल रकमेची आणि गाड्यांच्या संख्येची मर्यादा आहे, म्हणून बुकिंगआधी शोरूमकडून लेखी घ्या की अनुदान बिलातून वजा होणार की नंतर मिळणार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कार-बसला टोल माफ आहे. मुखेडच्या माणसाला अटल सेतूची टोलमाफी किती उपयोगाची ते त्याचं त्यानं ठरवावं.

या माफीवर मध्ये एक प्रसंग आला होता. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात त्या वेळी अर्थमंत्री असलेल्या अजित पवार यांनी ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर सुचवला. काही दिवसांतच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो घेणार नसल्याचं विधिमंडळात सांगितलं. माझं मत विचाराल तर ३० लाखांची गाडी घेणाऱ्याला ६ टक्के जड नव्हते. तोच पैसा तालुक्याच्या बसस्थानकावर चार्जिंगला लावला असता तर बरं झालं असतं. आणि त्याच अर्थसंकल्पात सीएनजीचा कर मात्र वाढला तो वाढलाच. कमी धुराच्या इंधनावर कर वाढवायचा आणि जाहिरात हरित म्हणून करायची, याचा मेळ बसत नाही.

विजेवरची गाडी खरंच कार्बन कमी करते का, यावर पारावर रोज वाद होतात. "वीज कोळशाचीच ना, मग काय फायदा?" हिशेब असा आहे. देशातल्या विजेच्या एका युनिटला सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन पडतो. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटमध्ये २५ ते ३० किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला २३ ते २८ ग्रॅम. पेट्रोल मोटारसायकलचे ४२ ग्रॅम आपण वर काढले. इलेक्ट्रिक कार युनिटला ७ किलोमीटर धरली तर १०० ग्रॅम, लिटरला १५ देणारी पेट्रोल कार १५३ ग्रॅम. तारेतली गळती धरली तर फरक थोडा कमी होतो, तरी कोळशाच्या विजेवरसुद्धा इलेक्ट्रिक पुढंच राहते. छतावर सोलर असेल तर विचारायलाच नको. धूर तर गावात होतच नाही.

खरी अडचण वेगळी आहे. गावातला व्होल्टेज, लाईट जाणं, आणि उन्हाळ्यात ४२-४३ अंशात बॅटरीची चिंता. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जा-ये करणारा शिक्षक, बँकेतला माणूस, दूधवाला यांना स्कूटर परवडते, कारण रात्री घरी चार्ज होते. नांदेडहून पुण्याला जाणाऱ्याने मात्र वाटेतल्या चार्जिंगची आधी खात्री करावी. धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं आहे. ठरणं आणि होणं यातलं अंतर आपल्याला माहीत आहे.

इथेनॉलचंही दोन शब्दांत सांगतो. केंद्राच्या आराखड्यात इथेनॉलच्या गाड्या हरित धरल्या आहेत आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ऊस आपल्याकडं आहे, कारखाने आहेत, म्हणजे फायदा आपलाच, असं म्हणता येईल. पण २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकराला उसाला किती पाणी लागतं ते सांगायची गरज नाही.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि उसाची वाहतूक

निव्वळ शेतीच्या कामाच्या ट्रॅक्टरला राज्यात मोटार वाहन करातून सूट आहे. पण 'निव्वळ शेती' हे शब्द महत्त्वाचे. त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली लावून वाळू, मुरूम, विटा भाड्याने वाहिल्या तर ती शेती राहत नाही. तपासणीत सापडलं की कर, दंड आणि विम्याचा प्रश्न एकदमच उभा राहतो. विमा सगळ्यात वाईट. भाड्याच्या फेरीत अपघात झाला आणि पॉलिसी शेतीची असेल तर कंपनी हात वर करू शकते.

धुराच्या नियमांतही ट्रॅक्टर वेगळा आहे. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून कडक मानकं लागली. आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर ५० च्या आतले, त्यांना ती लागली नाहीत. ही सवलत राहावी असंच मी शेतकरी म्हणून म्हणेन. सोयाबीनचा भाव हमीभावाच्या खाली असताना पेरणीच्या अवजारावर कर लावायची ही वेळ नाही. मात्र नोंदणीची १५ वर्षं झाल्यावर ट्रॅक्टरचीही पुनर्नोंदणी लागते, हे बरेच जण विसरतात.

गाडी पंधरा वर्षांची झाली, आता काय

पुनर्नोंदणी पाच वर्षांसाठी मिळते. त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. विमा, पीयूसी आणि आरसी चालू हवं. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून फी वाढवली. दुचाकी १,००० रुपये (पूर्वी ३००), तीनचाकी २,५००, कार-जीप ५,००० (पूर्वी ६००). मुदत उलटून गेली तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि इतर घरगुती गाड्यांना महिन्याला ५०० जादा. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ही फी पुन्हा दुप्पट केली : दुचाकी २,०००, तीनचाकी ५,०००, कार १०,०००. पर्यावरण कर याच्या वेगळा.

बारा-पंधरा हजार किंमत उरलेल्या मोटारसायकलला कर, फी, विमा, नंबर प्लेट आणि दोन वेळची खेप मिळून पाच-सहा हजार लागतात. "गाडीपेक्षा कागदंच महाग व्हायलेत" असं लोक म्हणतात ते उगीच नाही. परिणाम असा की खेड्यात अशा गाड्या कागदाविनाच फिरतात. ना कर, ना विमा, ना पीयूसी. कर जास्त लावून धूर कमी व्हायच्या ऐवजी गाडीच नोंदीच्या बाहेर जाते, आणि अपघात झाला की जखमी माणसाच्या घरच्यांना विमाही मिळत नाही. दुचाकीचा दर कमी आणि मोठ्या डिझेल गाडीचा जास्त, असं केलं तर तिजोरीत तेवढाच पैसा येईल आणि माणसं कागद काढतील, असं मला वाटतं.

ट्रान्सपोर्ट पासिंगच्या गाडीला पहिल्या आठ वर्षांत फिटनेस दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. ज्यांचा कर वार्षिक आहे आणि गाडी काही महिने उभीच असते, उदाहरणार्थ हंगाम संपल्यावर उसाचा ट्रक, त्यांनी गाडी न वापरण्याची सूचना आरटीओला आगाऊ लेखी द्यावी. मंजूर झाली तर त्या काळाचा कर वाचतो. नंतर सांगून उपयोग नाही, आणि थकलेल्या करावर व्याज चढतं.

भंगारात काढायची असेल तर

भंगारवाल्याला किलोवर गाडी देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात दिली तर 'ठेव प्रमाणपत्र' मिळतं. ते दाखवून नवी गाडी घेतली की करात सूट असते. केंद्राने घरगुती गाडीला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा राज्यांना दिली आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये ही सूट १० वरून १५ टक्के करण्याचा निर्णय घेतला. अट अशी की जुनी ज्या प्रकारची त्याच प्रकारची नवी गाडी घ्यावी आणि प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत. ८ लाखांच्या पेट्रोल कारला ८८ हजारांच्या करात १३ हजार २०० रुपये वाचतात. मान्य केंद्रांची यादी परिवहनच्या संकेतस्थळावर असते. जवळचं कुठलं, गाडी न्यायचा खर्च किती, हे आधी विचारा. शंभर-दोनशे किलोमीटरवर टेम्पोत घालून न्यायची असेल तर दुचाकीसाठी हिशेब जमत नाही.

आणि एक. गाडी मोडली, जळाली किंवा कायमची निकामी झाली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नाही तर गाडी तुमच्याच नावावर राहते. तिचा चासी नंबर दुसरीकडं कुठं निघाला तर पोलीस तुमच्याच दारात.

दिल्लीची, परराज्यातली स्वस्त गाडी

दिल्लीत १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायला मनाई करणारा आदेश हरित लवादाने दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्यावर पुढं कोर्टात बरंच झालं, पण तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत यायला लागल्या. एका शहराचा धूर असा दुसऱ्याच्या गावात जातो.

अशी गाडी घ्यायची तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आधी हातात घ्या. ते नसेल तर इसार देऊ नका. तेलंगणा, कर्नाटकातल्या गाडीलाही हेच. दुसऱ्या राज्याच्या नंबरवर आपल्याकडं १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर घटलेल्या किमतीच्या हिशेबाने पुन्हा भरावा लागतो. तिकडं भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी त्याच कार्यालयात अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा थकलेला कर आणि चलन गाडीबरोबर नव्या मालकाच्या गळ्यात पडतं, म्हणून व्यवहाराच्या दिवशीच 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून कर कुठपर्यंत भरलाय, फिटनेस कधीपर्यंत आहे आणि बँकेचा बोजा आहे का, हे तिन्ही बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.